बोचक्याबाहेरची क्लिप

माणसाला टोपणनाव शेजाऱ्यांनी दिलं तर त्यावर वाद घालता येतो. बायकोने दिलं की विषय संपला. बोचकेंना त्यांचं नाव वहिनींनी दिलं होतं. खरं आडनाव दुकानाच्या फलकावर आहे, पण त्या फलकावर वरच्या मजल्याच्या नळाचं पाणी गेली आठ वर्षं निष्ठेने ठिबकतंय. आता ते फक्त रंगवणाऱ्यालाच वाचता येईल, आणि तो वारला.

माझं दुकान फोटोंच्या फ्रेमचं. जिना चढून आलं की डावीकडे मी, उजवीकडे बोचके. मी माणसांना काचेत बसवतो, ते पडद्यावर बसवायचे. लोकांची लग्नं, वाढदिवस, निवृत्तीचे समारंभ यांचे व्हिडिओ घ्यायचे आणि तुकडे जोडून फिल्म करायची, हा त्यांचा पंचवीस वर्षांचा धंदा. खिडकीला काळा पुठ्ठा ठोकलेला, कारण उजेड आला की पडद्यावरचे रंग खोटं बोलतात म्हणे. भर दुपारी ते बाहेर आले की जिन्याचा कठडा चाचपत यायचे आणि मला म्हणायचे, "फ्रेमवाले, वार कोणता?" तारीख विचारायचं धाडस त्यांनी कधी केलं नाही.

दुसरा कॅमेरा वहिनींचा. वधूवरांवर बोचकेंचा कॅमेरा, आणि उरलेल्या जगावर वहिनींचा. उरलेलं जग म्हणजे मामा, मावश्या, ऑफिसातले साहेब आणि कोणाचे कोण ते कोणालाच माहीत नसलेले दोन म्हातारे, जे प्रत्येक लग्नात असतातच. या सगळ्यांना वहिनी सरळ करायच्या. "मामा, पोट आत! जमत नाही? मग मावशींच्या मागे उभे राहा, त्या झाकतील." "ओ साहेब, लग्नाला आलात की साक्ष द्यायला? हसा की!" हॉलचा माइक बंद पडला तर तिथले लोक इलेक्ट्रिशियनला नंतर आणि वहिनींना आधी हाक मारायचे, असा तो आवाज.

आणि या आवाजातला एक शब्दही बोचकेंच्या एकाही फिल्ममध्ये नाही. लग्न उरकून आल्यावर ते पहिलं काम हेच करायचे. कॅमेऱ्यामागचा आवाज कापून टाकायचा. "ज्या फिल्ममध्ये कॅमेरावाला बोलतो ती फिल्म नव्हे, चहाडी," असं त्यांचं मत. वहिनी म्हणायच्या, "पंचवीस वर्षं कापतायत मला. अजून उरलेय, हेच नवल."

आता बोचक्याचं सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे.

पडद्यावर एक लांब पट्टी असते, तिला टाइमलाइन म्हणतात. तिच्यावर सगळे तुकडे, म्हणजे क्लिपा, ओळीने मांडायच्या. वर चित्र, खाली आवाज. एका लग्नाच्या सहाशे-सातशे तरी होतात. मध्येच एखादी घुसवली की बाकीच्या सरकतात, आणि मग नवऱ्यामुलाच्या तोंडातून त्याच्या सासूचा आवाज येतो. तसा तो पुढे आयुष्यभर येणारच असतो, पण निदान फिल्ममध्ये येऊ नये. यावर उपाय असा, की हव्या त्या क्लिपांभोवती माउसने चौकट ओढायची आणि दोन बटणं दाबायची. त्या सगळ्या एकमेकींना बांधल्या जातात. मग एक हलवली की सगळ्या हलतात, एक उचलली की सगळ्या उठतात आणि एक पुसली की सगळ्या पुसल्या जातात. कंपनीने या सोयीला ग्रुप असं नाव दिलंय. बोचके या ग्रुपच्या आहारी गेले होते. भाषणांचा एक, जेवणावळीचा एक, मग त्या दोघांना बांधून तिसरा. वहिनी मागच्या स्टुलावरून विचारायच्या, "झालं का बोचकं बांधून, की अजून एक गाठ?" नाव पडलं ते तेव्हापासून.

आणखी एक सवय होती. फिल्म संपली तरी पट्टी उजवीकडे पुढे पसरलेलीच असते. नको असलेल्या क्लिपा ते तिकडे लांब फेकून ठेवायचे. या जागेला ते माळा म्हणायचे. घरातल्या माळ्यासारखंच होतं ते. टाकवत नाही आणि लागतही नाही, असं सगळं तिथे. फिल्म गिऱ्हाइकाला दिली, की माळा एकदम झाडायचा.

दोन वर्षांपूर्वी वहिनींचा आवाज बसला. हॉलमधली धूळ, असं त्या म्हणाल्या. मग पंख्याचं वारं, मग थंड पाणी, असे संशयित बदलत गेले. तपासण्या झाल्या तेव्हा गुन्हेगार घशातच निघाला. स्वरयंत्र काढावं लागणार होतं. बारा दिवसांनी ऑपरेशन.

जिन्यात भेटल्या तेव्हा मला म्हणाल्या, "भावोजी, भांडण काही राहिलं असेल तर बारा दिवसांत उरकून घ्या. नंतर माझी बाजू लंगडी."

मी हसलो. त्यांनी हसवलं होतं, म्हणून हसलो. दुकानात जाऊन एक काच चुकीच्या मापाने कापली.

त्यांची लेक दुसऱ्या गावी असते. तिला तेव्हा सातवा महिना होता. तिने फोनवर वडिलांना सांगितलं, "बाबा, आईचा आवाज साठवून ठेवा. माझ्या बाळाला आजीचा आवाज ऐकता आला पाहिजे. बाकी काही नको, एवढं एकच करा."

हे काम बोचकेंच्या हातचं. त्यांनी दुकानात चांगला माइक लावला, दाराला रजई टांगली, वहिनींना खुर्चीत बसवलं आणि म्हणाले, "बोल."

"काय बोलू?"

"काहीही."

"काहीही तर मी पंचवीस वर्षं बोलले. तेव्हा हेडफोन होता ना कानाला?"

एवढं बोलून त्या थांबल्या. बोचकेंनी रेकॉर्ड झालेलं वाजवून दाखवलं. रिकाम्या डब्यात खिळे हलवावेत तसा आवाज. वहिनींनी हात करून ते थांबवलं. "पुसा हे. हा माझा आवाज नाही. लेकरू घाबरेल."

मग राहिला जुना आवाज, आणि तो कुठे होता तर बोचकेंनी कापून टाकलेल्या टोकांत. कच्च्या व्हिडिओंच्या नऊ जुन्या हार्ड डिस्क त्यांच्याकडे होत्या. त्यांनी एक मोठी नवी डिस्क आणली, नऊच्या नऊ तिच्यात ओतल्या आणि जुन्या कोऱ्या करून पुढच्या कामांना लावल्या. "सगळं एका जागी असलेलं बरं, फ्रेमवाले," मला म्हणाले. "विखुरलं की हरवतं."

पुढचे अकरा दिवस मी भिंतीच्या या बाजूला बसून दुसऱ्या बाजूचं ऐकत होतो. "मामा, पोट आत!" हे निरनिराळ्या अकरा मामांना. "ओ दादा, ती नवरी आहे, तिला दिसू द्या." "अहो, झाकण! लेन्सचं झाकण काढा आधी!" हे अर्थात बोचकेंना. मध्ये एकदा नुसतंच गुणगुणणं, कॅमेऱ्याची बॅटरी बदलताना. आयुष्यात पहिल्यांदाच हा माणूस बाकी जगाला कापून बायकोला ठेवत होता. पहिले तीन दिवस भिंतीपलीकडून त्यांचं हसू ऐकू यायचं. त्यानंतर नाही.

दोनशे चौदा तुकडे निघाले. एका गिऱ्हाइकाची फिल्म अर्धवट होती, तिच्याच माळ्यावर ते हे तुकडे मांडत गेले. कारण असं, की त्यांचा कॉम्प्युटर एक काम बंद करून दुसरं उघडायला पंधरा मिनिटं घ्यायचा, आणि त्यांना दोन्ही कामं आळीपाळीने करायची होती. सगळ्या तुकड्यांना पिवळा रंग दिला, चौकट ओढली, बांधलं.

या दोनशे चौदांशिवाय आणखी एक तुकडा होता, तो मात्र बांधला नाही. "ही एक आहे, ती नको," म्हणाले. "बाळाला ऐकवण्यासारखी नाही." तिचा आवाज बंद केला आणि ती माळ्याच्याही पार पलीकडे, एकटी ढकलून ठेवली.

"मग पुसूनच टाका की."

"पुसवत नाही," ते म्हणाले, आणि खुर्ची फिरवून माझ्याकडे पाठ केली.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी दहाला वहिनींना आत नेलं. स्ट्रेचर दारापाशी थांबलं तेव्हा त्यांनी नवऱ्याला जवळ बोलावलं. बोचके वाकले. सोबतीला मी होतो; मला वाटलं, आता काही तरी ठेवणीतलं बोलणार. खिळ्यांच्या आवाजात त्या म्हणाल्या, "शनिवारचं लग्न आहे. बॅटऱ्या चार्ज करा." आवाजाने केलेलं त्यांचं ते शेवटचं बोलणं.

शनिवारचं लग्न बोचकेंनी एका भाड्याच्या कॅमेरावाल्याला दिलं. पण अर्धवट फिल्मचं गिऱ्हाईक काही थांबेना. नवरीचे वडील रोज फोन करत. "आमचे पाहुणे परत निघालेत हो, त्यांना दाखवायचीय." हॉस्पिटलात चौथा दिवस, वहिनींच्या घशाला नळी. लेक आली होती, ती पोट सांभाळत आईपाशी बसली आणि वडिलांना म्हणाली, "जा बाबा, दोन तासांत उरकून या. इथे नुसते उभे राहून तुम्ही नर्सच्या पायात येताय."

साडेतीन वाजता ते दुकानात आले. फिल्म पुरी केली, पेन ड्राइव्हवर उतरवली. मग पंचवीस वर्षांचा हात आपोआप पुढचं काम करायला लागला. माळा झाडायचा. पडद्यावर माळ्याचा जेवढा भाग दिसत होता त्यात गिऱ्हाइकाचा केरकचरा होता आणि अगदी कडेला, नखाएवढा, पिवळा रंग. त्यांनी कचऱ्याभोवती चौकट ओढली. चौकटीची कड त्या पिवळ्या नखाला लागली. बोचक्यातल्या एका क्लिपेला हात लागला, म्हणजे दोनशे चौदांना लागला. डिलीट.

एवढ्यावर थांबले असते तरी परत आणता आलं असतं. पण माळा झाडला की डिस्क झाडायची, हाही नेम. जे टाइमलाइनवर वापरात नाही ते डिस्कवरून कायमचं काढून टाक, अशी एक आज्ञा असते. कॉम्प्युटर अशा वेळी विचारतो, खात्री आहे का. पंचवीस वर्षं तो विचारत आला आणि पंचवीस वर्षं बोचके न वाचता हो म्हणत आले. त्या दिवशीही म्हणाले. मग रिकाम्या जागेत शनिवारच्या लग्नाचं सगळं ओतलं, कुलूप लावलं आणि हॉस्पिटलात गेले. जाताना माझ्या दारात क्षणभर थांबून म्हणाले, "एक ओझं उतरलं बघा."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी काच पुसत होतो. ते येऊन उभे राहिले.

"बोचकं गेलं," म्हणाले.

मला वाटलं हॉस्पिटलातून कपड्यांचं गाठोडं चोरीला गेलं. "वॉर्डबॉयला विचारलंत का?"

"बोचकं, फ्रेमवाले. तिचं."

त्यांच्याच दुकानात, त्यांच्याच डोक्यावर, मीच फ्रेम करून दिलेली सूचना लटकत होती, 'फिल्मच्या दोन प्रती ठेवा. एक प्रत म्हणजे प्रत नव्हे.' तिच्याखाली बसून त्यांनी मला कोरी पट्टी दाखवली. मग आम्ही डिस्क दुरुस्त करणाऱ्याकडे गेलो. त्याने दोन दिवस ठेवून घेतली. तो तरुण माणूस फार सभ्यपणे बोलला. "काका, नुसतं पुसलेलं असतं तर काढून दिलं असतं. पण त्याच जागेवर नवीन लिहिलं गेलंय." काय लिहिलं गेलं होतं ते मला नंतर कळलं. शनिवारच्या लग्नातली साडेतीन तासांची भाषणं.

बोचकेंनी घरी काही सांगितलं नाही. लेक विचारायची, "बाबा, झालं ना ते?" ते म्हणायचे, "जुळवतोय." असे नऊ दिवस गेले. या नऊ दिवसांत त्यांनी जुन्या गिऱ्हाइकांना फोन करून त्यांच्या फिल्म मागवल्या, आणि मग रात्रंदिवस आपल्याच सफाईदार फिल्म ऐकत बसले. कुठेही काही नव्हतं. हात फारच स्वच्छ होता त्यांचा.

वहिनी घरी आल्या. गळ्याला रुमाल, हातात पाटी आणि खडू. तिसऱ्या दिवशी दुपारी बोचके माझ्याकडे आले आणि म्हणाले, "तुमचा स्पीकर द्या. आणि तुम्हीही चला." कशाला ते कळलं नाही, पण स्पीकर उचलून निघालो.

वहिनी पलंगावर उशीला टेकून बसल्या होत्या. स्पीकर बघून त्यांचे डोळे लकाकले. पाटीवर लिहिलं, 'आणलंत? लावा.' मला दाखवून पुसलं आणि पुन्हा लिहिलं, 'भावोजी, पोट आत.'

मी घेतलं आत.

बोचके मध्यभागी उभे राहिले आणि त्यांनी सांगितलं. चौकट, पिवळा रंग, डिलीट, भाषणं, सगळं ओळीने, एखाद्या गिऱ्हाइकाला उशीर का झाला ते सांगावं तसं. लेक ऐकत होती. मग तिचा आवाज चढला.

"सगळं? बाबा, सगळं गेलं? जगाला सांगत फिरता दोन कॉप्या ठेवा, दोन कॉप्या ठेवा! एकच गोष्ट मागितली होती मी तुमच्याकडे. आयुष्यात एकच!"

"हो," बोचके म्हणाले.

वहिनींनी पाटीवर खडू आपटला, म्हणजे आम्ही तिकडे बघावं. लिहिलं होतं, 'एकही नाही?'

आता मला कळलं की स्पीकर कशाला आणलाय. बोचके म्हणाले, "एक आहे. बाहेर ठेवली होती, बोचक्यात घेतली नव्हती, म्हणून राहिली. टाइमलाइनवर होती ना ती, म्हणून कॉम्प्युटरला वाटलं वापरात आहे." त्यांनी स्पीकरची वायर जोडली. "पण ती चांगली नाही. तू म्हणालीस तर पुसतो."

वहिनींनी 'लावा' असं लिहिलं नाही. नुसतं बोट स्पीकरकडे केलं.

कोणत्या तरी हॉलमध्ये वहिनींचा कॅमेरा स्टँडवर चालूच राहिला होता. चित्रात रिकाम्या खुर्च्या. आणि मागून तो आवाज, ताजा, खणखणीत, कुणाशी तरी बोलणारा. "…यांना माणसं नकोतच हो मावशी, यांना क्लिपा हव्यात. घरी मी तोंड उघडलं की यांचा हेडफोन कानावर. कधी कधी वाटतं, भिंतीशी लग्न केलं असतं तर निदान खिळा तरी ठोकता आला असता. पंचवीस वर्षांत एका फिल्ममध्ये माझं नखसुद्धा नाही. उद्या मेले तर शेजारच्या फ्रेमवाल्याला द्यायला फोटो नाही घरात. एवढं उभं राहून काय मिळवलं मी, सांगा ना? पाय दुखतात, बस." मग मावशींचं काही तरी अस्पष्ट, मग वहिनींचं हसू, ते हसू मोडून खोकला. बराच वेळ खोकला. चाळीस-बेचाळीस सेकंद सगळे मिळून.

लेकीने तोंडावर ओढणी धरली होती. "बंद करा बाबा," ती म्हणाली. "हे नको. हे मी बाळाला ऐकवणार नाही."

बोचकेंचा हात बटणाकडे गेला. वहिनींनी त्यांचं मनगट धरलं. दुसऱ्या हाताने लिहायला वेळ लागला, कारण पाटी मांडीवरून घसरत होती. मी धरली. अक्षर वाकडं आलं. 'आवाज वाढवा.'

त्यांनी वाढवला. आम्ही चौघांनी ती क्लिप चार वेळा ऐकली. चौथ्या वेळी खोकला सुरू झाला तेव्हा वहिनींचे खांदे हलत होते. हसत होत्या की काय, ते सांगता येत नाही. आवाज नसला की या दोन गोष्टी सारख्याच दिसतात.

लेकीला मुलगी झाली. वहिनींनी तिला पाहिलं, मांडीवर घेतलं. दुखणं परत आलं आणि ऑपरेशननंतर दहाव्या महिन्यात त्या गेल्या. बोचके माझ्याकडे फोटो घेऊन आले तो ओळखपत्रावरचा, नखाएवढा, अर्ध्या कपाळावर सरकारी शिक्का असलेला. मी तो मोठा करून घेतला. शिक्काही मोठा झाला. तसाच फ्रेम केला.

दुकान चालू आहे. ग्रुप करायचं बोचकेंनी सोडून दिलंय. सहाशे क्लिपा एकेक करून सरकवतात, एक घुसवली की पुढच्या सगळ्या हाताने मागे घेतात. महिन्याची फिल्म आता तीन महिन्यांनी होते. शिवाय ते काही कापतही नाहीत. कॅमेऱ्यामागून भाड्याचा पोऱ्या खोकला, शिंकला, कुणाला "सरका" म्हणाला, तरी सगळं तसंच ठेवतात. गिऱ्हाइकं चिडतात. परवाच एक नवरीची आई जिन्यात उभी राहून ओरडत होती, "आमच्या लग्नात हा कोण बोलतोय मध्येच? काढा त्याला!"

बोचके दारात उभे होते, डोळे मिचकावत.

"नाही काढणार, ताई," म्हणाले. "पाहिजे तर फिल्म घेऊ नका."

तिने घेतली नाही.